दोन ठोके, मग एक

“तात्या, आता पुरे हं! सकाळपासून तीनदा भांडं दिलं तुम्हाला, अन् तिन्ही वेळा कोरडंच परत नेलं!”

शिडीच्या घोडीवर उभी राहूनच मी ओरडले. तोंडाला फडकं बांधलेलं, हातात रंगानं निथळणारा रोलर, मान वर करकरून आखडलेली. खाली पलंगावर तात्या उताणे पडलेले. त्यांनी डाव्या हातातला स्टीलचा पेला पुन्हा पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटला. ठक-ठक. थांबले. मग एकच, ठक.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. पण अजून कुणी दारावर तसं वाजवलं, तर हातातलं काम खाली ठेवते मी.

तात्या म्हणजे माझे सासरे, धोंडीराम क्षीरसागर. बार्शीत त्यांना त्या नावानं कुणी ओळखत नसे. ‘तात्या रंगारी’ म्हटलं की लहान पोरसुद्धा घर दाखवायचं. छताच्या कामात त्यांचा हात धरणारा माणूस तालुक्यात नव्हता. सपाट छत त्यांना आवडायचंच नाही. घट्ट कालवलेला रंग लावायचा आणि तो ओला आहे तोवर गोणपाटाच्या बोळ्यानं टिपत जायचं. मग छतभर असा दाणा उठायचा, की वाटावं कुणी भिजवलेला साबुदाणा वर चिकटवलाय. स्वतःच्या खोलीचं छत त्यांनी तसंच केलं होतं, माझ्या लग्नाच्याही आधी.

त्याच छताखाली ते दीड वर्ष पडून होते. अर्धांगाचा झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. शुद्ध मात्र लख्ख. सुरुवातीला काय हवं ते कळायचं नाही, मग ते चिडायचे आणि मी रडायचे. शेवटी मीच शक्कल काढली. त्यांच्या चांगल्या हातात पेला दिला आणि सांगितलं, “तात्या, एक ठोका म्हणजे पाणी. दोन ठोके म्हणजे लघवीचं भांडं. झालं!” दुसऱ्या दिवसापासून घर सुरळीत चालू लागलं. सगळ्या गल्लीत मी ते कौतुकानं सांगत फिरले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही.

कारण त्या दिवशी ते दोन वाजवत होते, थांबत होते, आणि मग एक वाजवत होते. माझ्या हिशेबी भांडं आणि पाणी. मी घोडीवरून उतरायची, हात धुवायची, भांडं द्यायची. ते मान हलवायचे. पाणी पाजायला जावं तर तोंड घट्ट मिटायचे. मी पुन्हा वर चढले, रोलर छताला लावला, की पुन्हा ठक-ठक, ठक.

घड्याळात दहा वाजून गेले होते आणि बारा वाजता शालनआक्का येणार होती.

आक्का माझी मोठी नणंद. सासूबाई ह्यांच्या लहानपणीच गेल्या, तेव्हापासून घराला वळण आक्काचंच. लग्न होऊन पुण्याला गेली तरी तिचा शब्द खाली पडायचा नाही. गौरी-गणपतीला आली आणि तात्यांच्या खोलीत पाऊल टाकताच वर बघत उभी राहिली. पावसाळ्यात गच्चीतून पाणी मुरलं होतं. बरोबर पलंगाच्या वर परातीएवढा काळा डाग पडलेला, त्याच्या कडेनं बुरशी.

“हा माणूस अख्ख्या तालुक्याची छतं पांढरी करत फिरला,” ती म्हणाली, “आणि ह्याच्याच डोक्यावर ही घाण? रात्रंदिवस हे बघत पडायचं का त्यानं? वैजू, तुला दिसत नाही हे?”

“आक्का, हे म्हणालेत सुट्टी मिळाली की...”

“सुट्टी मिळेल तेव्हा मिळेल. घटस्थापनेच्या आत छत नीट झालेलं दिसलं नाही, तर तात्या माझ्याकडं. गाडी घेऊनच येते.”

ती बोलेल तसं करणारी बाई. आणि मला तात्या द्यायचे नव्हते.

का नव्हते द्यायचे? खरं सांगते. माझे वडील मी तीन वर्षांची असताना गेले. मामाच्या घरी वाढले, आणि मामाच्या घरी वाढलेल्या पोरीला कुणी काही विचारत नाही. लग्न होऊन या घरात आले, चौथ्या-पाचव्या दिवशी तात्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, “पोरी, ही खोली आता तुझी. कुठला रंग लावू?” मला उभ्या जन्मात असं कुणी विचारलं नव्हतं. मी आपलं धाडस करून म्हटलं, “मोरपंखी.” आयाबाया हसल्या. स्वयंपाकघर कुठं मोरपंखी असतं का! पण तात्यांनी दोन हात मोरपंखी लावला आणि वर एक तिसरा. बाप कसा असतो, ते मला त्या भिंतीवरून कळलं.

दुसरंही एक कारण होतं, तेही लपवत नाही. सासऱ्याला लेकीनं उचलून नेलं म्हणजे सून कशी असेल, हे गल्लीनं लगेच ठरवलं असतं. मला ते ऐकायचं नव्हतं.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर. सणासुदीची गर्दी, सुट्टी कुठली मिळायला. दुसरा रंगारी बोलवावा म्हटलं, तर ह्यांनी कानाला हात लावला. “तात्यांच्या घराला दुसऱ्याचा ब्रश? ते डोळ्यांनी बघतील आणि प्राण सोडतील.” मग मीच पदर खोचला. दोन दिवस आधी डागावर पाणी मारमारून बुरशी भिजवली आणि पत्र्यानं खरवडून काढली. त्या दिवशी हे पहाटेच लातूरच्या गाडीवर गेले, पोरं शाळेत गेली, आणि मी माळ्यावरून तात्यांची जुनी घोडी उतरवली. दोन्ही बाजूंनी चढता येणारी ती लाकडी शिडी, तिच्या पायऱ्यांवर चाळीस वर्षांचे रंग सांडलेले. ती बघताच तात्यांचे डोळे जरा हसले होते. मला वाटलं, बरं झालं, खूश आहेत.

तात्यांना बाहेर काढायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तो लोखंडी पलंग खोलीतच जोडलेला, दारातून निघायचा नाही. मला वाकून सेवा करता यावी म्हणून त्याच्या पायांखाली दोन-दोन विटा दिलेल्या, त्यामुळं तो सरकायचाही नाही. तात्यांना उचलायला दोन गडी लागायचे. मग मी त्यांच्या अंगावर प्लास्टिक घातलं आणि तोंडावर थेंब पडू नयेत म्हणून पलंगाच्या डोक्याकडं छत्री उघडून बांधली. माझ्या अकलेवर मीच खूश होते.

तात्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ती छत्री डाव्या हातानं उडवून लावली.

“अहो तात्या! रंग पडेल ना डोळ्यांत!”

मी पुन्हा बांधली. त्यांनी पुन्हा उडवली. मग हात वर करून पाची बोटं पसरून मला पंजा दाखवला. नको. नको म्हणजे काय नको? छत्री नको? मी नको? रंग नको?

कोपऱ्याकडून सुरुवात केली तेव्हा काम बरं चाललं होतं. पण त्या दाण्यावर रंग लावणं म्हणजे जिवाशी खेळ. सपाट भिंतीवर रोलर वरखाली फिरवला की झालं. इथं प्रत्येक दाण्याच्या फटीत रंग शिरायला हवा आणि एका जागी दोनदा फिरवलं, तर ओला दाणा सुटून रोलरलाच चिकटतो. मग तिथं टक्कल पडतं. पलंगाच्या वर आले तसे दाण्याचे पापुद्रेच निघायला लागले. मी तिथं जास्त जोर लावला. खालून पेला वाजतोय, घड्याळ पुढं पळतंय, डाग पांढऱ्यातून पुन्हा पिवळा वर येतोय. घामानं पाठ भिजली.

“तात्या, काय हवंय हो तुम्हाला? देवाशपथ, काय हवंय?”

ठक-ठक. ठक. आणि तो पंजा.

मी खाली उतरले. त्यांच्या गालावर काहीतरी पडलेलं दिसलं, म्हणून पदरानं पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला ढकलला. गालावरचं ते त्यांनी दोन बोटांत धरलं, चुरगाळलं आणि माझ्या डोळ्यांसमोर नाचवलं. करड्या रंगाची बारीक रेती होती. पांढरी नव्हती. मी बघितलं, आणि बघून न बघितल्यासारखं केलं. “काही नाही, धूळ आहे,” म्हणाले आणि पुसून टाकलं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं पाणी होतं ते, मला ओळखू येत होतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात एकदम एक विचार आला. तात्यांना हे नकोच आहे. छत पांढरं झालं तर आक्का त्यांना नेणार नाही. आणि त्यांना जायचंय. म्हणून हे सगळं चाललंय, म्हणून छत्री उडवली, म्हणून पंजा.

“जायचंय का तुम्हाला?” मी विचारलं. “पुण्याला जायचंय? लेकीकडं? माझ्या हातचं नको झालंय का?”

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि डोकं उशीवर इकडून तिकडं घासलं. ते नाही म्हणत होते की कंटाळले होते, कोण सांगणार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, जायचंय तर जा, पण हे छत मी पूर्ण करणार. सुनेनं केलं नाही, असं कुणाला म्हणू देणार नाही. फडकं पुन्हा तोंडाला आवळलं आणि तरातरा घोडी चढले.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. साडीवर ह्यांचा जुना सदरा घातला होता, त्याच्या खिशात तो ठेवलेला. घोडीवरच बसून मी फोन घेतला. हात रंगानं भरलेले, म्हणून स्पीकर लावला.

“वैजू, कुर्डुवाडी सोडली मी,” आक्काचा आवाज आला. “तात्यांची औषधं, दवाखान्याची फाईल, दोन उबदार कपडे भरून ठेव.”

“छत बघायच्या आधीच भरून ठेवू?” मी तडकले.

“छत झालं का मग?”

“होतंय. तुमच्या बापानं होऊ दिलं तर होईल.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय! सकाळपासून छळ मांडलाय. भांडं दिलं तर नको, पाणी दिलं तर नको. नुसतं आपलं...”

खालून पेला वाजला. ठक-ठक. आणि मग एक, ठक.

“हे बघा. ऐका तुम्हीच. आनंदानं घेऊन जा त्यांना, आक्का. माझंच चुकलं, मी उगाच...”

“गप्प बस.”

मी फोन कानाजवळ नेला.

“पुन्हा वाजलं तर फोन खाली धर.” आक्काचा आवाज एकदम हलका झाला होता. गाडीच्या घरघरीत तो जेमतेम ऐकू येत होता. मी फोन खाली धरला. तात्यांनी पुन्हा वाजवलं, या वेळी जोरात.

“वैजू, तू कुठं आहेस?”

“घोडीवर.”

“घोडी कुठं आहे?”

“पलंगाला लागून. डागाखाली.”

“तात्यांनी पंजा दाखवला का? बोटं पसरून?”

“शंभरदा दाखवला. नको म्हणून.”

“नको म्हणून नाही गं बाई!” आक्का एवढ्या जोरात ओरडली, की फोन माझ्या हातातून निसटता निसटता राहिला. “छताच्या कामात तोंड उघडत नाहीत, सगळी घाण तोंडात जाते. फडकं बांधलेलं असतं. म्हणून खुणा असतात त्यांच्या. मी लहान असताना घोडी धरून उभी राहायची, मला ठाऊक आहे! रंग लावायच्या आधी छत वाजवून बघतात. दोन ठोके, ऐकायचं, मग एक. दाण्याखाली भेग दिसत नाही, ती कानानंच कळते. छत वाजव म्हणतायत ते तुला! आणि पंजा म्हणजे पोकळ आहे. पोकळ आहे, खाली उतर! वैजू, उतर! तात्यांना काढ तिथून!”

मी रोलरच्या दांड्यानं डागाच्या जागी वाजवलं. का वाजवलं, देव जाणे. खाली उतरायचं सोडून वाजवलं. कोपऱ्यात जे छत दगडासारखं वाजायचं, ते इथं रिकाम्या डब्यासारखं वाजलं. दांड्याखाली ते जरासं हललंसुद्धा. करडी रेती सळसळत माझ्या कपाळावर आली.

मी उतरले की पडले, आठवत नाही. फोन कुठं गेला, तेही आठवत नाही. पलंगाला धरून ओढलं. विटांवरचा पलंग तो, तसूभर हलला नाही. पुन्हा ओढलं. विटा करकरल्या आणि मला भीती वाटली की कलंडला तर तात्यांसकट कलंडेल.

“तात्या, मी तुम्हाला खाली ओढतेय. लागेल, पण ओढतेय.”

अंगावरचं प्लास्टिक भिरकावलं. उशीकडची चादर दोन्ही मुठींत गच्च धरली आणि मागं रेटा दिला. आणि तात्या काय करत होते? डाव्या हातानं मला ढकलत होते. छातीवर हात देऊन, होता नव्हता तेवढा जोर लावून ढकलत होते. दाराकडं बोट करत होते. जा म्हणत होते मला. त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं. सकाळपासून हा माणूस स्वतःसाठी ओरडत नव्हता. मी उतरावं, म्हणून ओरडत होता.

“गप बसा तात्या!” मी किंचाळले. सासऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा असं बोलले. “गप बसा आणि हात खाली घ्या!”

चादर सरकली. आधी त्यांचं डोकं माझ्या पोटाशी आलं, मग खांदे, आणि मग सगळं अंग एकदम माझ्यावर कोसळलं. मी पाठीवर आपटले, ते माझ्या अंगावर. खालून निघाले, पुन्हा चादर धरली आणि फरशीवरून फरफटत उंबऱ्याकडं ओढत नेलं. उंबऱ्याला त्यांचं डोकं आपटू नये म्हणून पाय आडवा घातला. त्यांचे पाय अजून खोलीतच होते, तेव्हा वर काहीतरी कडकन वाजलं.

मग ते आलं. एक मोठा तुकडा, तात्यांच्या हातच्या दाण्यासकट, दाराच्या फळीएवढा. मागोमाग दोन-तीन लहान. घोडी आडवी झाली, रंगाची बादली उलटली, पलंगाची दांडी वाकली. पांढरी-करडी धूळ एवढी उसळली, की मला माझा हात दिसेना.

त्या धुळीत कुठूनतरी आवाज येत होता. “वैजू! वैजू! अगं बोल गं कुणीतरी! तात्या!”

फोन पलंगाखाली पडला होता. मी रांगत जाऊन शोधला.

“आहेत,” एवढंच म्हणाले. “आक्का, आहेत ते. आहोत आम्ही.”

पलीकडून रडणं ऐकू आलं. त्याआधी आक्काला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

ती साडेअकराच्या सुमारास पोचली. ड्रायव्हरला गाडी कशी पळवायला लावली, तिलाच ठाऊक. तोवर शेजारच्या दोघांनी तात्यांना बाहेरच्या खोलीत गादीवर ठेवलं होतं. कोपराला खरचटलं होतं, बाकी सुखरूप. मी त्यांच्याजवळ फरशीवर बसले होते, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. तोंड धुवायचंसुद्धा सुचलं नव्हतं.

आक्का आत आली. तात्यांच्या कपाळावरून हात फिरवला, मग आतल्या खोलीच्या दारात गेली. पलंगाकडं बघितलं. उशीवर पडलेला तो तुकडा बघितला. वर गंजून फुगलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या, त्या बघितल्या. मला वाटलं, आता बोलेल. बोलावंच तिनं, माझी काही हरकत नव्हती.

ती परत आली तेव्हा मीच म्हणाले, “आक्का, पिशवी भरलीय. औषधं, फाईल, सगळं. घेऊन जा त्यांना.”

ती तात्यांचं खरचटलेलं कोपर बघायला वाकली.

“दोन दिवस मीच त्या छतावर पाणी मारत होते,” मी म्हणाले. आता रडू आवरत नव्हतं. “मीच खरवडलं, मीच दाबलं. ते ओरडून सांगत होते आणि मी त्यांच्यापुढं भांडं धरत होते, आक्का! त्यांच्या गालावर रेती पडली, ती मी पदरानं पुसली. मारलं असतं मी त्यांना. घेऊन जा.”

आक्का खाली बसली. माझ्याकडं न बघता ती तात्यांना म्हणाली, “तात्या, तुम्ही सांगा. गाडी दारात उभी आहे. पुण्याला यायचं?”

तात्यांनी डोळे उघडले. आधी आक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांचा डावा हात गादीवर चाचपडायला लागला. मला वाटलं पेला शोधतायत. पेला तिथं नव्हता, आतल्या ढिगाऱ्यात राहिला होता. मी म्हटलं, “पाणी हवंय का?” आणि उठायला लागले, तर त्यांनी माझं मनगट पकडलं.

पकडून हात गादीवर पालथा ठेवला. मग बोटाचं पेर वाकवून माझ्या मनगटाच्या हाडावर वाजवलं. दोनदा. थांबले. मान एका बाजूला कलली, डोळे मिटले. घोडीवर चढलेला रंगारी जसा कान देतो, तसा कान दिला. मग त्यांनी आणखी एकदा वाजवलं.

मी पंजाची वाट बघत होते. पाची बोटं पसरली जातील आणि झालं, संपलं.

त्यांनी हात वर केला आणि मूठ आवळली. घट्ट मूठ. ती मला दाखवली, मग आक्काला दाखवली.

मला त्या खुणेचा अर्थ ठाऊक नव्हता. मी आक्काकडं बघितलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती.

“वेडे, मूठ म्हणजे भरीव आहे,” ती म्हणाली. “भरीव आहे, लाव रंग. असं म्हणतात तात्या.”

मग ती उठली, दारात गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, “तुम्ही जा परत. मी राहतेय चार दिवस.” घरात येऊन तिनं पदर खोचला, माझ्या गळ्यात लोंबणारं फडकं सोडवून स्वतःच्या तोंडाला बांधलं आणि घमेलं मागितलं.

गवंड्यानं पुढच्या आठवड्यात छत नीट केलं. या खेपेला दाणा नाही, सपाट. आक्कानं आणि मी मिळूनच रंग लावला. तात्या बाहेरच्या खोलीत होते, दोन्ही दारं उघडी ठेवून ऐकत होते. मी प्रत्येक हात मारायच्या आधी वाजवायचे. दोन, मग एक. त्यांची मूठ वर आल्याशिवाय रोलर लावत नव्हते.

त्यानंतर तात्या तीन वर्षं होते, त्याच खोलीत. नवा पेला घेतला. एक ठोका पाणी, दोन ठोके भांडं, सगळं पहिल्यासारखंच चालू राहिलं. फक्त दिवसातून एकदा, बहुधा मी त्यांचं अंग पुसत असताना, ते पेला बाजूला ठेवायचे आणि माझ्या मनगटावर वाजवायचे. ठक-ठक. थांबायचे. ठक. त्यांना तेव्हा पाणी नको असायचं आणि भांडंही. ते वाट बघत राहायचे, आणि मी मूठ दाखवायचे.